नाट्यगृहात हॅलोजनच्या जागी एलईडी : खर्चाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील नाट्यगृहांचे व्यवस्थापक, महाविद्यालयांचे सांस्कृतिक विभाग आणि हौशी नाट्यमंडळे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे देणारा माणूस गेली अनेक वर्षे रंगमंचाच्या वरच्या पाइपांवर चढ-उतार करत आला आहे, दिवे विकण्याच्या धंद्यात नाही. त्यामुळे काही ठिकाणी उत्तर विक्रेत्याच्या उत्तरापेक्षा वेगळे वाटेल.

एलईडीवर केलेला खर्च वीजबिलातून किती वर्षांत वसूल होतो?

या प्रश्नाला एक ठरावीक आकडा नाही आणि जो विक्रेता आपल्या नाट्यगृहाची नोंदवही न पाहता "तीन वर्षांत" असे सांगतो, त्याच्याशी पुढचे बोलणे जपून करावे. वसुली दिव्याच्या किमतीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती दिवे वर्षातून किती तास पेटतात यावर अवलंबून असते.

एक उदाहरण मांडून पाहू. त्यातील दर गृहीत धरलेले आहेत. आपण आपले आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा रंगमंचावर १००० वॅटचे ३० हॅलोजन दिवे आहेत, म्हणजे जोडलेला भार ३० किलोवॅट. वर्षात १२० दिवस कार्यक्रम आणि दर दिवशी तालीम धरून ४ तास, असे ४८० तास झाले. सगळे दिवे सतत पूर्ण पेटत नाहीत, म्हणून सरासरी निम्मा भार धरला तर वर्षाला ७,२०० युनिट जळतात. त्यांच्या जागी २०० वॅटचे ३० एलईडी लावले तर त्याच हिशेबाने १,४४० युनिट लागतील. बचत ५,७६० युनिटांची, आणि युनिटला १२ रुपये धरले तर ६९,१२० रुपयांची. हॅलोजनचे वर्षाला ३० बल्ब, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे ४५,००० रुपये. जिलेटिनचे, म्हणजे दिव्यासमोर लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे, १०,००० रुपये. आणि सभागृह वातानुकूलित असेल तर उष्णता कमी झाल्यामुळे आणखी सुमारे २३,००० रुपये. एकूण बचत वर्षाला १,४७,००० रुपयांच्या आसपास येते.

आता खर्चाची बाजू. दिवा ३५,००० रुपयांना धरला तर ३० दिव्यांचे साडेदहा लाख होतात. नवे वायरिंग, डेटा केबल आणि नियंत्रण टेबल यांचे अडीच लाख मिळवले की एकूण तेरा लाख. म्हणजे वसुलीला जवळजवळ नऊ वर्षे.

याच उदाहरणात कार्यक्रमांचे दिवस १२० ऐवजी ३० करून पाहा. बचत वर्षाला ३७,००० रुपयांवर येते आणि वसुलीचा काळ पस्तीस वर्षांवर जातो, तेवढी वर्षे तर तो दिवाही टिकणार नाही. आपल्या भागातील तालुक्याच्या गावच्या बहुतेक सभागृहांची गत या दुसऱ्या उदाहरणाजवळची आहे. तेथे सत्कार, शाळेचे स्नेहसंमेलन आणि शासकीय मेळावे जास्त होतात, आणि त्या वेळी समोरचे चार दिवे सोडले तर बाकीचे पेटतही नाहीत.

मग वर्षाचे तास मोजायचे कसे? आमच्याकडे अशी नोंद नाही.

नोंद नसणे हीच बहुतेक ठिकाणची अडचण आहे. सभागृहाच्या आरक्षणाच्या वहीत तारखा असतात, पण त्या दिवशी नाटक होते की सत्कार, हे लिहिलेले नसते. डिमरला (दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राला) वीज देणाऱ्या मुख्य स्विचच्या पुढे एक साधे सबमीटर बसवून घ्यावे आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधीचे व नंतरचे वाचन त्याच वहीत लिहावे. एका हंगामाची, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतची, नोंद हातात आली की अंदाजांची गरज उरत नाही. एका सभागृहात आम्ही हे केले तेव्हा असे दिसून आले की रंगमंचाच्या दिव्यांपेक्षा प्रेक्षागृहातील आणि आवारातील दिवे कितीतरी अधिक वीज खात होते, कारण ते रोज साफसफाईच्या वेळेपासून रात्रीपर्यंत चालू असत. अशा ठिकाणी पहिला पैसा आवारात घालावा.

हॅलोजन मंद केला की वीज वाचतेच ना?

वाचते, पण उजेडाच्या प्रमाणात वाचत नाही. उजेड निम्मा केला तरी हॅलोजनची तार सुमारे पाऊणपट वीज घेत राहते, कारण तार थंड होऊ लागली की विजेचा अधिकाधिक भाग केवळ उष्णतेत जातो. एलईडीत उजेड आणि वीज बऱ्याच अंशी बरोबरीने कमी होतात. त्यामुळे ज्या नाटकांत प्रकाश बहुतांशी मंद असतो, तेथे एलईडीचा फायदा वरच्या उदाहरणापेक्षा काहीसा जास्त निघेल.

वीजबिलात युनिटांखेरीज आणखी कोठे फरक पडतो?

महावितरणच्या बिलावरील स्थिर आकाराची ओळ पाहावी. ज्या बिगरघरगुती लघुदाब जोडणीचा मंजूर भार २० किलोवॅटहून अधिक असतो, तेथे हा आकार केव्हीएमधील मागणीवर (महिन्यात एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक भारावर) लावला जातो, आणि तो सभागृह महिनाभर कुलूपबंद असले तरी येतो. कमी वापराच्या सभागृहात खरी बचत बहुधा येथेच सापडते. मात्र दिवे बदलून गप्प बसल्यास ती पदरात पडत नाही, कारण मंजूर भाराच्या ठरावीक टक्क्यांखाली बिल उतरत नाही. दिवे बदलल्यावर मंजूर भार कमी करून मिळण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी वातानुकूलन, पाण्याचे पंप आणि लग्नसमारंभाला भाड्याने दिल्यास बाहेरून येणारी रोषणाई यांचा भार मोजून घ्यावा. भार घाईने कमी केला आणि पुढच्या महिन्यात मागणी वर गेली, तर दंड बसतो.

येथे स्वस्त एलईडीचा एक दोषही सांगितला पाहिजे. ज्यांचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या वॅटचे प्रमाण) वाईट असतो, असे दिवे वॅटमध्ये कमी दिसतात, पण केव्हीएमध्ये तितके कमी भरत नाहीत.

वातानुकूलनाचा खर्च खरोखर कमी होतो का?

होतो, आणि तो मोजता येतो. रंगमंचावर जळणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एक टन क्षमतेचे वातानुकूलन साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते, म्हणजे ३० किलोवॅटचे हॅलोजन पूर्ण पेटले तर केवळ त्यांच्यासाठी साडेआठ टन क्षमता खर्ची पडते. बाहेर टाकलेल्या दर तीन युनिट उष्णतेमागे यंत्र सुमारे एक युनिट वीज घेते, हा हिशेब धरूनच वरचे २३,००० रुपये काढले आहेत. सभागृहात नुसते पंखे असतील तर ही ओळ हिशेबातून खोडून टाकावी. पैठणी नेसून, गंगावन बांधून दोन अंक उभ्या राहणाऱ्या नटीला मिळणारा दिलासा वेगळा, त्याची किंमत बिलात येत नाही.

आमच्याकडे चांगले डिमर आहेत. एलईडी त्यांनाच जोडले तर चालेल का?

चालणार नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. एका स्पर्धेच्या वेळी वेळ कमी होता, भाड्याने आणलेले दोन ‘पार’ (डब्याच्या आकाराचे) एलईडी दिवे डिमरच्या रिकाम्या सॉकेटला लावले आणि डिमर पूर्ण ठेवला म्हणजे काम भागेल असे समजलो. पहिल्या अंकात कोणीतरी नियंत्रण टेबलावरची त्या डिमरची सरकती पट्टी सत्तर टक्क्यांपर्यंत खाली ओढली. दिवा आधी थरथरू लागला, मग वीज कडाडल्यासारखा दोनदा चमकला आणि विझला. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला, पण भाड्यात दोन पॉवर सप्लायची किंमत भरावी लागली.

कारण असे की थायरिस्टरचा डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून टाकतो. हॅलोजनच्या तारेला त्याचे काही वाटत नाही, परंतु एलईडीच्या आतील इलेक्ट्रॉनिक भागाला अखंड वीज लागते. त्याचा मंदपणा वेगळ्या तारेने येणाऱ्या संदेशातून ठरतो. काही डिमरमध्ये त्या वाहिनीचा भाग काढून जागी रिले (वीज नुसती चालू-बंद करणारा भाग) बसवता येतो. जुन्या डिमरमध्ये ती सोय नसते आणि मग मुख्य पॅनेलपासून नवी लाइन ओढावी लागते.

वायरिंगचा खर्च किती धरावा?

अंदाजपत्रकात सर्वाधिक विसरली जाणारी ओळ हीच आहे. दिवे टांगण्याच्या प्रत्येक बारवर (पाइपवर) अखंड विजेची सॉकेटे आणि डीएमएक्स ५१२ ची, म्हणजे टेबलाकडून दिव्यांना संदेश पोहोचवणारी, केबल, दोन्ही पोहोचवावी लागतात. डीएमएक्स हे अमेरिकेत १९८६ साली ठरलेले मानक अजूनही जगभर चालते. त्यात एका ओळीवर ५१२ वाहिन्या, म्हणजे ५१२ स्वतंत्र सूचना, मिळतात. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो, पण एक रंगीत एलईडी आठ-दहा वाहिन्या सहज घेतो, म्हणजे पन्नास दिव्यांत ओळ भरते. शिवाय एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणे थेट जोडू नयेत, पुढे संदेश वाटून देणारा स्प्लिटर लावावा, आणि ओळीच्या शेवटच्या दिव्यावर १२० ओमचा टर्मिनेटर (संदेश उलटून परत येऊ नये म्हणून लावायचा रोध) असावा. माइकची केबल घरात पडून आहे म्हणून ती वापरण्याचा मोह सर्वांना होतो. तालमीत ती चालतेही, प्रयोगात मात्र मागचे दोन दिवे आपल्या मनाने नाचू लागतात.

मोजक्या पट्ट्यांचे जुने टेबल या कामाला अपुरे पडते, म्हणून नवे टेबल आणि ते शिकण्यासाठी माणसाला लागणारे आठ-दहा दिवसही खर्चात धरावेत. आणखी एक गोष्ट : सगळे एलईडी एकाच स्विचने चालू केले तर पहिल्या क्षणी ओढला जाणारा प्रवाह इतका असतो की एमसीबी पडतो. गट पाडून, थोड्या थोड्या अंतराने चालू होतील अशी रचना इलेक्ट्रिशियनला सुरुवातीलाच सांगावी.

सगळे दिवे एकदम बदलावेत की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने, आणि सुरुवात मागच्या पडद्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सायक्लोरामावर, म्हणजे या मागच्या पडद्यावर, गडद निळी रात्र दाखवण्यासाठी आपण १००० वॅटच्या फ्लडसमोर (पसरट उजेडाच्या दिव्यासमोर) निळे जिलेटिन लावतो आणि ते जिलेटिन पाच टक्क्यांहूनही कमी उजेड पलीकडे जाऊ देते. उरलेला सगळा उजेड त्या कागदातच जिरतो, म्हणून तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला त्याचा मधला भाग पांढरट पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी तेथे रुपयाएवढे भोक पडते. निळा एलईडी मुळातच निळा उजेड देतो, त्यामुळे या एका कामात तो हॅलोजनच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय निळ्यासाठी एक, लालसाठी एक, पिवळसरसाठी एक अशा वेगळ्या रांगा लावाव्या लागत नाहीत. एकच रांग सगळे रंग देते. बदलायच्या दिव्यांची संख्याच कमी होते, आणि ही बचत युनिटच्या दरात दिसत नाही.

नटांच्या मागून व बाजूने येणारा रंगीत प्रकाश दुसऱ्या टप्प्यात घ्यावा. समोरून चेहऱ्यावर पडणारा पांढरा प्रकाश सर्वांत शेवटी बदलावा, आणि वर्षाला शंभर-दीडशे तासांहून कमी वापर असलेल्या सभागृहात तो बदलूच नये.

चेहऱ्यावरचा प्रकाश शेवटी का?

चेहऱ्यासाठी चांगला एलईडी महाग असतो आणि स्वस्त एलईडी चेहरा बिघडवतो. हॅलोजनचा उजेड सुमारे ३२०० केल्विनचा असतो, त्यात सगळे रंग सलग असतात आणि आपली रंगभूषा पिढ्यान्‌पिढ्या त्याच उजेडात पाहून ठरलेली आहे. लाल, हिरवा आणि निळा एवढ्यांच्या मिश्रणातून केलेल्या पांढऱ्यात मधले पिवळे-नारिंगी रंग तुटक असतात. सावळ्या आणि गव्हाळ वर्णाला नेमके तेच हवे असतात. ते मिळाले नाहीत की चेहरा राखाडी दिसतो, कुंकू काळपट पडते आणि हळदीने माखलेला नवरदेव आजारी वाटतो. त्यासाठी अंबर (पिवळसर नारिंगी) किंवा लाइम (पिवळट हिरवा) यांसारखे अधिक रंग असलेला दिवा घ्यावा, किंवा समोरच्या कामाला केवळ उबदार पांढरा देणारा, रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) ९० च्या वर असलेला दिवा घ्यावा.

बाजारात ३ वॅटचे ५४ एलईडी असलेला जो पार सर्वत्र मिळतो, तो मिरवणुकीला आणि ऑर्केस्ट्राला ठीक आहे. त्याचा उजेड नटावर टाकून नटाला मागच्या पडद्यासमोर हात पसरायला सांगावे. प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या रंगांच्या सावल्या पडलेल्या दिसतात. गंभीर प्रवेशात त्या सावल्या बोलू लागल्या की संवाद कोणी ऐकत नाही. ५४ गुणिले ३ म्हणजे १६२ वॅट, असेही समजू नये. मीटर लावून पाहिल्यास आकडा बराच कमी भरतो आणि उजेडही त्याच मानाने कमी असतो.

प्रकाश हळूहळू विझवताना एलईडी खटकन बंद होतो, असे ऐकले आहे.

स्वस्त दिव्यांबाबत ते खरे आहे. डीएमएक्सची एक वाहिनी ० ते २५५ अशा पायऱ्यांत चालते आणि अगदी शेवटच्या पाच-सहा पायऱ्या डोळ्याला स्पष्ट जाणवतात. हॅलोजनची तार वीज गेल्यावरही क्षणभर तांबूस राहते आणि त्या तांबूसपणात प्रवेश संपतो, हे आपल्या डोळ्यांच्या सवयीचे झाले आहे. चांगल्या एलईडीत दोन वाहिन्या जोडून ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तसेच मंद होताना रंग उबदार करण्याची सोय असते. खरेदीपूर्वी अंधारात तीस सेकंदांचा फेड स्वतः पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. त्याच वेळी मोबाइलवर चित्रण करून पट्टे उमटतात का, आणि सभागृह शांत असताना दिव्याच्या पंख्याची घरघर तिसऱ्या रांगेत ऐकू येते का, तेही तपासावे.

खानदेशातील उन्हाळ्याचा एलईडीवर काही परिणाम होतो का?

होतो. पुण्या-मुंबईच्या अंदाजपत्रकाची नक्कल येथे चालत नाही, त्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. अनेक एलईडी दिव्यांच्या माहितीपत्रकात सभोवतालचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस लिहिलेले असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या वर जाणे ही काही बातमी नसते, आणि तेही सावलीतले तापमान. पत्र्याखालच्या कॅटवॉकवर (दिव्यांपर्यंत जाण्याच्या वरच्या अरुंद वाटेवर) त्याहून अधिक असते.

एका तालुक्याच्या गावी वैशाखात दुपारी तीनला रंगीत तालीम चालू होती. समोरच्या बारवरचे सहा नवे एलईडी टेबलावर पूर्ण होते, तरी चेहरे दिसेनात. वर गेलेला पोरगा पाइपाला फडके गुंडाळून धरत होता, कारण उघड्या हाताने लोखंड धरवत नव्हते. तो वरूनच ओरडला, "भाऊ, लाईट चालू शे, पन उजेड नही!" दिव्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी आपला उजेड आपणच उतरवला होता. रात्री नऊला प्रयोगाच्या वेळी तेच दिवे ठणठणीत चालले.

म्हणून ४५ अंशांपर्यंत चालण्याची लेखी हमी मागावी, कॅटवॉकवर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि दिव्यांतील पंख्यांची धूळ दर हंगामापूर्वी ब्लोअरने काढावी. कापूस वेचणीच्या दिवसांत येथील हवेत जे बारीक तंतू उडतात, ते पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. या सफाईची मजुरी हॅलोजनच्या हिशेबात कधी नव्हती, एलईडीच्या हिशेबात ती धरावी.

"५०,००० तास आयुष्य" यावर विश्वास ठेवावा का?

तो आकडा बहुधा एलईडीच्या चिपचा असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो. आपल्या वापरात दिवा चिपमुळे मरत नाही. पॉवर सप्लाय, पंखा किंवा आतली जोडणी आधी जाते. वर्षाला ४८० तास धरले तर ५०,००० तासांना शंभराहून अधिक वर्षे लागतील, यावरूनच त्या आकड्याचा उपयोग किती ते कळते. त्याऐवजी हमी किती वर्षांची, सुटा पॉवर सप्लाय किती रुपयांना आणि किती दिवसांत मिळेल, आणि दुरुस्तीसाठी दिवा मुंबईला पाठवावा लागेल की जवळपास होईल, हे विचारावे. दहा टक्के सुटे दिवे मूळ खरेदीतच घ्यावेत, कारण चार वर्षांनी तेच मॉडेल आणि तोच पांढरा रंग मिळेल याची खात्री नसते.

हॅलोजनच्या आयुष्याबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. १००० वॅटच्या पार बल्बचे आयुष्य साधारण ३०० तास धरतात, पण व्होल्टेज पाच टक्के वाढले तर ते जवळजवळ निम्मे होते आणि पाच टक्के कमी ठेवले तर जवळजवळ दुप्पट. रात्री उशिरा गावाचा भार उतरल्यावर ज्या फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या लाइनवर) व्होल्टेज चढते, तेथे बल्ब का टिकत नाहीत, त्याचे उत्तर यात आहे. टेबलावर दिवे ९५ टक्क्यांच्या पुढे न नेण्याची सवय लावायला पैसे लागत नाहीत.

हॅलोजनचे बल्ब लवकरच मिळेनासे होणार आहेत का?

युरोपीय संघाने दिव्यांच्या कार्यक्षमतेचे नवे नियम १ सप्टेंबर २०२१ पासून लागू केले, पण त्याआधीच तेथील रंगकर्मींनी मोठी मोहीम उभारून रंगमंचाच्या बल्बांना सवलत मिळवली. म्हणून रंगमंचाच्या बल्बांवर तेथे बंदी आली असे जे आपल्याकडे सांगितले जाते, ते बरोबर नाही. मात्र मागणी घटत असल्याने उत्पादक काही प्रकार बंद करत आहेत. आपल्या दिव्यांना लागणाऱ्या बल्बांचा दोन हंगामांचा साठा करून ठेवावा, त्याहून अधिक करू नये.

आमचे हौशी मंडळ आहे. स्वतःचे एलईडी घ्यावेत का?

वर्षाला राज्य नाट्य स्पर्धेचा एक आणि गावात दोन प्रयोग होत असतील तर घेऊ नयेत, भाड्याने आणावेत. स्पर्धेच्या केंद्रावर जे दिवे असतील त्यांवरच प्रकाशयोजना बसवावी लागते, म्हणून तेथील यादी आधी मागवणे अधिक उपयोगाचे.

जत्रेतील वगनाट्याचे किंवा उघड्या मैदानावरील कार्यक्रमाचे गणित मात्र वेगळे आहे, आणि तेथे एलईडी निर्विवाद परवडतो. ३० किलोवॅटच्या हॅलोजनला ध्वनियंत्रणेसह ६२.५ केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणावा लागतो. एलईडीला २५ केव्हीएचा पुरतो. जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण तीन ते साडेतीन युनिट देतो, म्हणजे येथे एका युनिटची किंमत घरच्या विजेच्या दुपटीहून अधिक पडते आणि त्या मानाने बचतही वाढते. फक्त दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाणी आत न शिरणारे) घ्यावेत. सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे पडणारे दव आणि मैदानातील धूळ साध्या दिव्याला एका हंगामात संपवते.

निविदेत काय लिहावे?

दिव्याचे वॅट लिहू नयेत, बारच्या उंचीवरून रंगमंचावर किती लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) हवेत ते लिहावे. रंगदर्शन निर्देशांक, ४५ अंश तापमान, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर, सुट्या भागांचे दर आणि पाच वर्षांची जागेवर सेवा हे मुद्दे असावेत. वायरिंग आणि प्रशिक्षण यांचे दर वेगळ्या ओळींत मागावेत. अंतिम निवडीआधी प्रत्येक पुरवठादाराने एक दिवा आपल्याच सभागृहात, आपल्याच बारवर, जुन्या हॅलोजनच्या शेजारी लावून दाखवावा, अशी अट घालावी. त्या वेळी समितीने रंगभूषा केलेला एक नट उभा करावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसावे.

काढलेले जुने दिवे विकून टाकावेत का?

पार कॅन भंगारात किलोच्या भावाने जातात आणि त्यातून एका एलईडीचीही किंमत निघत नाही. चांगल्या भिंगाचे फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे) आणि प्रोफाइल (ठळक कडेचा झोत देणारे) दिवे ठेवावेत, डिमरच्या सहा वाहिन्या त्यांच्यासाठी चालू ठेवाव्यात. उरलेले पार कॅन जवळच्या महाविद्यालयाला दिले तर तेथील मुलांना जिलेटिन कापण्यापासून बार बांधण्यापर्यंतचे काम हाताने शिकता येते. देताना केबलची रबरी वेष्टणे वाकवून पाहावीत. ज्यांना तडे गेले असतील त्या केबल कापून टाकाव्यात, आणि अर्थिंगची तार तुटलेला दिवा कोणालाही देऊ नये.